चोवीस तासांची अट



या मालिकेत मी एरवी लढायांबद्दल बोलतो. आज एका अटीबद्दल बोलणार आहे. तुमच्या कपाटात आरोग्य विम्याचे कागद असतील तर ही अट त्यात बहुधा सापडेल: रुग्ण किमान चोवीस तास रुग्णालयात भरती असला पाहिजे. या एका ओळीनं माझ्या थोरल्या भावाचा डावा डोळा घेतला असं मी म्हणणार नाही. आजारानं घेतला. पण त्या ओळीचा त्यात हात होता, आणि थोडा माझाही.

दादा वडोदऱ्यात एका खासगी कारखान्याच्या हिशेब विभागात होता. २००३ च्या दिवाळीत मी सुट्टीवर गेलो होतो तेव्हा त्याला मेडिक्लेम घ्यायला मीच लावलं. त्याला पटत नव्हतं. "दरवर्षी एवढे पैसे कशाला बुडवायचे?" म्हणाला. मी फौजी खाक्यात त्याला सुनावलं, की तुझ्यामागे लष्करी रुग्णालय नाही, तुला हे घ्यावंच लागेल. त्यानं घेतलं, आणि नंतर एकही हप्ता चुकवला नाही.

२०१५ मध्ये त्याला रजिस्टरच्या ओळी मध्येच वाकलेल्या दिसायला लागल्या. वयोमानानं डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार निघाला, आणि त्यातला वेगानं वाढणारा प्रकार. यावर इलाज होता. डोळ्याच्या आत इंजेक्शन द्यायचं, सुरुवातीला दर महिन्याला. सगळं काम काही मिनिटांचं, दोन तासांत माणूस घरी. दादानं पहिलं इंजेक्शन घेतलं आणि क्लेम पाठवला. विमा कंपनीचं पत्र आलं: रुग्ण चोवीस तास भरती नव्हता, आणि ही प्रक्रिया डे-केअरच्या यादीत नाही, सबब दावा नामंजूर. एका इंजेक्शनचा खर्च त्याच्या पीएफच्या पेन्शनच्या कितीतरी पट होता. त्यानं पदरमोड करून तीन घेतली आणि मग थांबला. घरात कोणाला सांगितलं नाही.

मला कळलं २०१७ मध्ये, पुतण्याच्या लग्नात. माझ्याशी बोलताना दादा मान थोडी वळवून बघत होता. समोर बघितलं की त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, फक्त चेहऱ्याच्या कडा दिसत होत्या.

तेव्हापासून मी या अटीच्या मागे लागलो. फौजेत आम्हाला शिकवलं होतं, की एखादा हुकूम चुकीचा वाटला तर आधी तो कोणी, कधी आणि कोणत्या परिस्थितीत काढला ते बघा. तसंच केलं.

सुरुवात होते १९२९ मध्ये, अमेरिकेतल्या डॅलस शहरात. तिथल्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाला लोकांकडून बिलं वसूल होत नव्हती. रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या जस्टिन किंबल यांनी शहरातल्या शाळाशिक्षकांपुढे एक योजना ठेवली. महिन्याला पन्नास सेंट भरा, आजारी पडलात तर एकवीस दिवसांपर्यंतची रुग्णालयाची सोय आमच्याकडे. मग महामंदी आली, खाटा रिकाम्या पडू लागल्या, आणि इतर रुग्णालयांनी हीच पद्धत उचलली. त्यातून पुढे 'ब्लू क्रॉस' नावानं ओळखल्या जाणाऱ्या योजना उभ्या राहिल्या. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हा विमा जन्मला तो खाट भरलेली राहावी आणि तिचे पैसे मिळावेत म्हणून. इलाज दुय्यम होता. त्या काळात ते चुकीचंही नव्हतं. मोठा आजार म्हणजे अंथरूण, आणि मोठा खर्च म्हणजे रुग्णालयातला मुक्काम, हेच खरं होतं.

आपल्याकडे विचार वेगळ्या वाटेनं सुरू झाला. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, सरकारनं दोन कामं सोपवली. प्रा. बी. पी. आडारकर यांना कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. सर जोसेफ भोर यांच्या समितीला साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करायला सांगितलं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, भोर समितीचा १९४६ मध्ये. भोर समितीचं सूत्र असं, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, आणि ही जबाबदारी सरकारनं घ्यावी. आडारकरांचा मार्ग वर्गणीचा होता. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंनी योजनेचं उद्घाटन केलं. सुरुवात कानपूर आणि दिल्लीतल्या सुमारे १ लाख २० हजार कामगारांपासून झाली. या योजनेत विम्याबरोबर दवाखानाही योजनेचाच होता. त्यामुळे बाह्यरुग्ण म्हणून घेतलेलं औषधही त्यात बसत होतं. चोवीस तासांचा प्रश्नच नव्हता.

भोर समितीचं बरंचसं कागदावर राहिलं. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये सीजीएचएस आली, आम्हा सैनिकांना लष्करी रुग्णालयं होती, संघटित कामगारांना ईएसआय. बाकी सगळा देश या तीन छत्र्यांच्या बाहेर भिजत उभा होता. माझा दादाही.

या उरलेल्यांपैकी ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी १९८६ मध्ये मेडिक्लेम आली. ती खासगी कंपन्यांनी आणली, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १०७ विमा कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या होत्या, मुख्यालयं मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत. मेडिक्लेम या चार सरकारी कंपन्यांची. आधी स्वतः बिल भरा, मग कागद जोडून पैसे मागा, आणि रुग्णालयातल्या मुक्कामाचेच मागा. तेव्हा सरकारी विरुद्ध खासगी असं हे भांडण नाही. चोवीस तासांची अट सरकारी कंपन्यांच्या काळात रुजली आणि खासगी कंपन्यांनी ती जशीच्या तशी पुढे चालवली.

आता दुसरी बाजू बघू, इलाजाची. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मला आठवतं. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून डोकं स्थिर ठेवलं होतं, कित्येक दिवस पडून राहायचं, आणि नंतर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. हे सगळं बदललं, आणि त्या बदलाची सुरुवात लढाईतून झाली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या विमानांची पारदर्शक झाकणं गोळ्यांनी फुटली की पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे कण त्यांच्या डोळ्यांत शिरत. हॅरल्ड रिडली या नेत्रशल्यचिकित्सकाच्या लक्षात आलं, की डोळा या कणांना सहन करतो, भडकत नाही. मग मोतीबिंदू काढल्यावर त्याच प्लास्टिकचं भिंग आत का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिलं भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया केली. ब्रिटनची नॅशनल हेल्थ सर्व्हिस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली होती. म्हणजे त्या सरकारी व्यवस्थेला दीड वर्षही झालं नव्हतं. रिडलींनी हे काम गाजावाजा न करता केलं, आणि कळल्यावर बड्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांना 'सर' ही पदवी मिळाली ती थेट २००० मध्ये.

मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून लहानशा छेदातून काढण्याची पद्धत १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी आणली. त्यांना एका खासगी प्रतिष्ठानाच्या अनुदानाचं पाठबळ होतं, आणि कल्पना सुचली दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर. तेव्हा नवं कोण शोधतं, सरकारी की खासगी, हा वाद मला फोल वाटतो. कल्पना कुठेही जन्मते. ती तुमच्या-माझ्या दादापर्यंत पोहोचते की नाही, हे बिल भरणारा ठरवतो.

याचं आपल्या देशातलं सर्वात चांगलं उदाहरण मदुराईचं आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सैन्यात डॉक्टर होते. संधिवातानं बोटं वाकडी झाल्यामुळे १९४८ मध्ये त्यांना सैन्य सोडावं लागलं. त्याच बोटांनी पुढे त्यांनी डोळ्यांची हजारो ऑपरेशनं केली आणि निवृत्तीनंतर, १९७६ मध्ये, अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर न देणाऱ्यांवर उपचार, हा त्यांचा हिशेब. परदेशी भिंग गरिबाला परवडेना, म्हणून १९९२ मध्ये 'अरोलॅब' काढून तिथंच भिंगं बनवायला सुरुवात केली आणि किंमत काही डॉलरांवर आणली. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ चाच. त्यात सरकार स्वयंसेवी रुग्णालयांना अनुदान देतं ते होणाऱ्या शस्त्रक्रियेमागे. रुग्ण किती रात्री झोपला, हे तिथं विचारत नाहीत. पैसे ऑपरेशनला मिळतात म्हटल्यावर रुग्णालयांनी ऑपरेशन जलद, स्वस्त आणि सुरक्षित करण्यावर डोकं चालवलं.

विम्याच्या जगात पैसे खाटेला मिळत होते. त्यामुळे तिथं वेगळंच घडलं. मोतीबिंदूचा रुग्ण संध्याकाळी घरी जाऊ लागला, किडनीचा खडा ऑपरेशनशिवाय फुटू लागला, आणि प्रत्येक प्रगतीबरोबर रुग्ण विम्याच्या अटीबाहेर पडू लागला. म्हणजे इलाज जितका चांगला, तितका क्लेम अवघड! मग कंपन्यांनी अपवादांची यादी केली: मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी वगैरे. हीच डे-केअरची यादी. २०१३ मध्ये विमा नियामकानं डे-केअरची व्याख्या ठरवून दिली, तेव्हा तंत्रज्ञानातल्या प्रगतीमुळे चोवीस तासांपेक्षा कमी वेळात होणारे उपचार, असं त्यात स्पष्ट म्हटलं. निदान चूक कुठे आहे ते कळल्याची ही कबुली होती. पण व्याख्येत भूल दिलेली हवी, यादीत नाव हवं, आणि बाह्यरुग्ण म्हणून घेतलेलं काही नको. दादाचं इंजेक्शन या फटीत अडकलं.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. १९९९ च्या कायद्यानं नियामक आला, २००० पासून खासगी कंपन्या आल्या, २००१ मध्ये टीपीएचे नियम झाले आणि कॅशलेस सुरू झालं. २००६ मध्ये फक्त आरोग्य विमा करणारी पहिली कंपनी आली. २०११ पासून कंपनी बदलली तरी प्रतीक्षाकाळाचा लाभ बुडेनासा झाला. ही खरी सुधारणा आहे, मी नाकारत नाही. दुसरीकडे फुगवलेली बिलं हाही खरा त्रास होता. जुलै २०१० मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मोठ्या शहरांतल्या कित्येक बड्या रुग्णालयांचं कॅशलेस बंद केलं, ते याच भांडणातून. शिवाय नवं म्हणून जे येतं ते सगळंच सिद्ध झालेलं नसतं. कोणीतरी "थांबा, पुरावा दाखवा" म्हणायलाच हवं. माझी तक्रार एवढीच आहे, की पुरावा मागण्याऐवजी रात्रीचा मुक्काम मागितला गेला.

आणि सरकारी व्यवस्था चुकत नाही असंही नाही. दादाच्याच आजारावरचं हे औषध ब्रिटनमध्ये आलं, तेव्हा नवे उपचार तपासणाऱ्या 'नाईस' या संस्थेनं २००७ मध्ये प्राथमिक मसुदा काढला. त्यात इलाज फक्त चांगल्या डोळ्याचा करावा असं होतं. म्हणजे एक डोळा जाईपर्यंत वाट बघा! लोक खवळले. २००८ मध्ये निर्णय बदलला. एका डोळ्याला चौदा इंजेक्शनांपर्यंतचा खर्च सरकारी सेवेचा, त्यापुढचं औषध कंपनीनं आपल्या खर्चानं द्यायचं. सरकारी व्यवस्था तिथंही चुकली, पण वाद उघड्यावर झाला, कारण विचारता आलं आणि औषध कंपनीलाही ओझं उचलायला लावलं. दादाला मात्र तीन ओळींचं पत्र आलं होतं.

आपल्याकडे इलाज स्वस्त करायचे प्रयत्नही झाले. २०१५ मध्ये, दादाची दृष्टी जात होती त्याच वर्षी, अहमदाबादच्या इंटास कंपनीनं या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. वडोदरा ते अहमदाबाद, हाकेच्या अंतरावर. पण बिल भरायला कोणी तयार नसेल तर शोध शेजारच्या गावात लागला काय आणि समुद्रापार लागला काय, सारखंच.

२७ सप्टेंबर २०१९ रोजी विमा नियामकानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आणि सांगितलं, हे पॉलिसीतून वगळता येणार नाहीत. रोबोटिक शस्त्रक्रिया, मेंदूला दिलं जाणारं विद्युत उद्दीपन, इम्युनोथेरपी, तोंडानं घ्यायची केमोथेरपी, आणि डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन. मी दादाला फोन करून यादी वाचून दाखवली. त्यानं विचारलं, "आपला नंबर कितवा?"

"सहावा," मी म्हटलं.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "उजव्या डोळ्याला उपयोग होईल म्हणजे."

आता माझं सांगतो. २०२१ मध्ये हाच आजार माझ्या उजव्या डोळ्यात निघाला. आम्हा माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस आहे. वर्गणी भरायची, पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यायचा, आणि यादीतल्या खासगी रुग्णालयात सरकारी दरानं उपचार. रांगा आहेत, मंजुरीला वेळ लागतो, बिलं थकली की रुग्णालयं कुरकुर करतात. सगळं खरं. पण मी किती तास खाटेवर होतो, हे मला कोणी विचारलं नाही. माझी इंजेक्शनं झाली आणि मी आजही वाचू शकतो. एकाच आईबापाची दोन मुलं, एकच आजार, फरक फक्त बिल कोण भरतं याचा. हे मला आजही नीट झोपू देत नाही.

२०१९ ची यादी चांगली आहे, पण ती यादीच आहे. तेरावा उपचार आला की पुन्हा वाट बघायची. शिवाय यादीतल्या उपचारांना रकमेची मर्यादा घालायची मुभा कंपन्यांना आहे. आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आणि २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना दार उघडं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण तिथंही भर रुग्णालयातल्या उपचारावर आहे आणि ओपीडीचा खर्च बहुतेक घरच्यांच्याच माथी. २०१७ मध्ये आपल्या आरोग्य संशोधन विभागानं नव्या उपचारांचा खर्च आणि फायदा तोलणारी व्यवस्था उभी केली आहे. माझ्या मते विम्याची अट तिथं जोडली पाहिजे. उपचार सिद्ध आहे का, गरजेचा आहे का, दर वाजवी आहे का? हे तीन प्रश्न पुरेत. रुग्ण रात्री कुठे झोपला हा चौथा प्रश्न काढून टाका.

ते होईपर्यंत तुम्ही तीन कामं करा. पॉलिसीतली डे-केअरची व्याख्या आणि आधुनिक उपचारांच्या मर्यादा आजच वाचा, आजारी पडल्यावर नको. उपचार ठरला की डॉक्टरांकडून तो का आवश्यक आहे हे लेखी घ्या. आणि दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही, पण एका वर्षाची मुदत आहे. मला कळलं तेव्हा दादाची मुदत उलटून गेली होती.

आणि एक चौथं काम. घरातल्या ज्या माणसाला तुम्ही पॉलिसी घ्यायला लावली असेल, त्याला अधूनमधून विचारत जा, की क्लेम मिळाला का. मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

दादाच्या उजव्या डोळ्याची तपासणी दर तीन महिन्यांनी होते. तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवतो.

जय हिंद.